टूरिंग बाइकला घरीच लाइट, चार्जर आणि स्पीकर लावायचे? आधी अँपिअरचा हिशोब करा

ऑनलाइन साइटवर ‘बाइक फॉग लाइट’ टाइप केलं की शेकडो पर्याय समोर येतात. कुणी म्हणतं २०,००० लुमेन, कुणी म्हणतं १० मिनिटांत फिटिंग. व्हिडिओतही दोन वायर बॅटरीला लावल्या, स्विच दाबला, उजेड पडला, संपलं. लाइट लागणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. तो लाइट दोन पावसाळे टिकला पाहिजे, बॅटरी उतरवायला नको, वायर पेटवायला नको आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवायला नकोत. खरं काम हे आहे आणि त्याबद्दल बॉक्सवर काहीच लिहिलेलं नसतं.

मी माझ्या ४११ सीसीच्या हिमालयनवर एक-एक करून लाइट, यूएसबी चार्जर, हॉर्न आणि हेल्मेटमधला ऑडिओ असं सगळं पार्किंगमध्येच बसवलंय. पण खाली जे सांगतोय ते कुठल्याही १२ व्होल्टच्या टूरिंग बाइकला लागू पडतं. अपवाद येतील तिथे सांगतोच.

बाइकची वीज किती, आणि त्यातली तुमची किती

मोबाइलमध्ये बॅटरी किती एमएएचची आहे हे आपण बघतो. बाइकला मात्र बॅटरीपेक्षा महत्त्वाचा असतो अल्टरनेटर. इंजिन चालू असताना वीज तोच बनवतो, बॅटरी फक्त गाडी सुरू करायला आणि कमी-जास्त सांभाळायला असते.

ढोबळ हिशोब करू. समजा तुमच्या गाडीचा अल्टरनेटर २०० वॅटचा आहे (तुमचा खरा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल). हे २०० वॅट इंजिन चांगलं फिरत असताना मिळतात. सिग्नलला गाडी आयडलला असते तेव्हा त्याच्या निम्मेसुद्धा मिळतील असं धरू नका. आता खर्च बघा. हॅलोजन हेडलाइट ५५ ते ६० वॅट. एप्रिल २०१७ पासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही, म्हणजे हा खर्च दिवसाही चालू. फ्युएल पंप, ईसीयू आणि इग्निशन मिळून ५०-६० वॅट. मीटर, टेललाइट, मधूनमधून ब्रेकलाइट धरून १५. बॅटरी चार्ज व्हायला १५-२०. झाले १५० च्या आसपास. तुमच्या हातात उरले साधारण ५० वॅट.

त्या ५० मध्ये ४० वॅटची एलईडी जोडी आणि एक फोन चार्जर कसाबसा बसतो. त्यावर गरम होणारे ग्रिप आणि अँप्लिफायर लावलात तर हायवेला कळणार नाही, पण घाटात ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा तास अडकलात की बॅटरी खिशातून पैसे द्यायला लागते. मग चहाला थांबता, आणि परत स्टार्टर दाबल्यावर नुसता टक-टक आवाज येतो. ज्या गाड्यांना कंपनीचाच एलईडी हेडलाइट आहे त्यांच्याकडे थोडी जास्त वीज शिल्लक असते, हे खरं.

हे सगळं कागदावर ठेवण्यापेक्षा तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या जवळ असेल तर ती जवळजवळ रिकामी समजा. इंजिन चालू करून थोडा रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ च्या मध्ये दिसायला हवं. आता सगळे जास्तीचे लाइट लावा आणि आयडलला बघा. आकडा १३ च्या खाली जात असेल तर तुम्ही कमाईपेक्षा जास्त खर्च करताय.

एक जुना अपवाद. काही जुन्या बाइकमध्ये रेस दिला की हेडलाइट मोठा होतो आणि सोडला की मंदावतो. अशा गाड्यांत हेडलाइटला थेट अल्टरनेटरचा एसी करंट जातो. त्या वायरवर एलईडी जोडला तर तो लुकलुकेल किंवा उडेल. तिथे बॅटरीवरूनच लाइन घ्यायची.

फ्यूज वायरसाठी असतो, लाइटसाठी नाही

हे वाक्य समजलं की अर्धं वायरिंग समजलं. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण हीच बॅटरी स्टार्टर फिरवताना काही क्षण ५० अँपिअरच्या पुढे करंट देते. वायर कुठे घासून चॅसिसला टेकली तर तेवढा किंवा त्याहून जास्त करंट त्या बारक्या वायरमधून जातो. वायर काही सेकंदांत लाल होते, प्लास्टिक वितळतं, आणि ही सगळी गंमत पेट्रोलच्या टाकीखाली चालू असते.

आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राने शहरातल्या एका ॲक्सेसरीच्या दुकानातून लाइट बसवून घेतले होते. वरंध घाटातून उतरताना हँडलखालून धूर आला. गाडी बाजूला घेऊन सीट काढली, बॅटरीची निगेटिव्ह वायर ओढून तोडली तेव्हा थांबलं. बघितलं तर बॅटरीपासून लाइटपर्यंत सरळ वायर, मध्ये फ्यूज नाही, रिले नाही. हँडल वळतं तिथे वायर चॅसिसला घासून उघडी पडली होती. पाच-दहा रुपयांचा फ्यूज असता तर फक्त लाइट बंद पडले असते.

तर फ्यूज लाइटजवळ नाही, बॅटरीजवळ हवा. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभराच्या आत. फ्यूजच्या अलीकडचा वायरचा तुकडा उघडा असतो, त्याला कुणी वाचवत नाही, म्हणून तो जितका छोटा तितका बरा. किती अँपिअरचा? वॅट भागिले १२. चाळीस वॅटची जोडी म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आत, तिला ५ अँपिअरचा फ्यूज. डबल हॉर्न ८-१० अँपिअर खातो, त्याला १५ चा. फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा घालणं किंवा सिगारेटची चांदी गुंडाळणं म्हणजे घरात एमसीबी पडतोय म्हणून तो खिळ्याने अडकवून ठेवण्यासारखं आहे.

आता वायर. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच हार्नेसमधली वायर बाहेरून जाड दिसते, आत तांबं कमी असतं. घरी आणून एक टोक सोलून बघा. तांब्याची ०.५ चौरस मिमी वायर दोन मीटर लांब टाकली तर जाऊन-येऊन चार मीटर होते, आणि तिचा रेझिस्टन्स साधारण ०.१४ ओहम. साडेतीन अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच गेला. हॉर्नचे १० अँपिअर त्याच वायरमधून नेले तर १.४ व्होल्ट गेले, मग हॉर्न महागडा असूनही घसा बसल्यासारखा वाजतो. लाइटला १ चौरस मिमी आणि हॉर्नला १.५ चौरस मिमी घ्या. इलेक्ट्रिकच्या दुकानात घरगुती वायर मिळते ती नको. ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडून गाडीची, बारीक-बारीक तारांची लवचिक वायर घ्या. जाड तारेची वायर बाइकच्या थरथरीत आतून तुटते आणि बाहेरून कळतही नाही.

रिले कसा जोडायचा

रिले म्हणजे नोकर. तुम्ही हँडलवरच्या छोट्या स्विचने त्याला इशारा करता, आणि जड करंटचं काम तो करतो. इशाऱ्याला लागतो ०.१५ ते ०.२ अँपिअर, त्यामुळे गाडीच्या मूळ वायरिंगवर काही बोजा येत नाही. चार पिनच्या रिलेवर आकडे छापलेले असतात आणि ते जगभर सारखेच आहेत.

३० नंबरच्या पिनला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूजमधून आलेली जाड वायर. ८७ वरून वायर लाइटच्या पॉझिटिव्हला. ८५ अर्थिंगला. ८६ ला इशाऱ्याची वायर, जिच्या मध्ये तुमचा स्विच. बस, एवढंच.

पाच पिनचा रिले मिळाला तर मधली ८७ए पिन रिकामी सोडा. ती रिले बंद असताना चालू असते. चुकून लाइट तिला जोडला तर किल्ली काढून तुम्ही झोपलात तरी लाइट जळत राहील. रिले आत डायोड असलेला मिळाला तर उत्तम. रिले बंद होताना कॉइलमधून उलटा झटका येतो, तो डायोड जिरवतो. फक्त अशा रिलेत ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही.

इशाऱ्याची वायर कुठून घ्यायची हा खरा प्रश्न. किल्ली फिरवल्यावर चालू होणारी कुठलीही वायर चालते. टेललाइटची वायर सीटखाली सहज सापडते म्हणून बहुतेक जण तीच घेतात, मीही रुंद उजेडाच्या लाइटसाठी तीच घेतलीय. लांब फेकणारे लाइट लावणार असाल तर मात्र इशारा हायबीमच्या वायरवरून घ्या. मग डिपर मारला की जास्तीचे लाइट आपोआप बंद होतात. समोरून गाडी आली की दोन-दोन स्विच शोधायची वेळ येत नाही, आणि अंधारात ती शोधणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

नव्या, महागड्या गाड्यांत कॅन बस असते. तिथे गाडीचा कॉम्प्युटर प्रत्येक दिव्याचा करंट मोजत असतो. मधेच वायर कापून काही जोडलं तर मीटरवर एरर येतो, किंवा ती लाइन कॉम्प्युटर बंदच करतो. अशा गाडीत मूळ वायरला हात लावू नका. बऱ्याचदा कंपनीने ॲक्सेसरीसाठी वेगळा कनेक्टर दिलेला असतो, इशारा तिथून घ्या आणि पॉवर सरळ बॅटरीवरून.

तीन-चार गोष्टी लावणार असाल तर बॅटरीच्या बोल्टवर वायरींचा गजरा करू नका. सीटखाली बसेल असा चार फ्यूजचा छोटा बॉक्स मिळतो. बॅटरीवरून एकच २.५ चौरस मिमीची वायर, १५ अँपिअरच्या मेन फ्यूजमधून, रिलेमार्गे बॉक्सला. पुढे प्रत्येकाची वेगळी लाइन, वेगळा फ्यूज. ताम्हिणीत पावसात काही बंद पडलं तर कुठे बघायचं हे दोन मिनिटांत कळतं.

जोड आणि वायरचा रस्ता

पीव्हीसी टेप गुंडाळून जोड करायची आपल्याकडे परंपरा आहे. इंजिनच्या उष्णतेने तिचा गोंद वितळतो, टेप सुटते आणि हाताला चिकट काळं लागतं. सोल्डर करावा का? घरातल्या वस्तूंना जरूर. बाइकमध्ये सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. त्यापेक्षा चांगल्या पक्कडीने क्रिंप केलेला जोड आणि त्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. वायरला चिमटा मारून जोडणारे ते निळे-लाल टॅप कनेक्टर कोकणच्या पावसात वर्षभर टिकत नाहीत. आत पाणी जाऊन तांबं हिरवं पडतं.

अर्थिंगसाठी लोक जवळचा बोल्ट सैल करून त्याखाली वायर दाबतात. चॅसिसवर रंग असतो, रंगातून करंट जात नाही. निगेटिव्ह वायर बॅटरीपर्यंतच न्या, वीस रुपयांची वायर जास्त लागेल.

वायर टाकताना ती सायलेन्सरपासून आणि इंजिनच्या फिन्सपासून लांब ठेवा, मूळ हार्नेसच्या शेजारून न्या आणि खाचा असलेल्या प्लास्टिक नळीत घाला. हँडलच्या मानेजवळ वायर थोडी सैल सोडा. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून बघा. ताण येतोय का, कुठे चिमटतेय का. कनेक्टरमध्ये शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून थेंब-थेंब खाली पडतं, कनेक्टरमध्ये जात नाही.

काम सुरू करण्याआधी मोबाइलने प्रत्येक कनेक्टरचे फोटो काढून ठेवा, दोन बाजूंनी. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. निगेटिव्ह लावलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चॅसिसला टेकला तर पाना जागेवर वेल्ड होतो.

लाइट: किती, कुठला आणि कुठे बघणारा

आधी लुमेनची फसवणूक. बाइकवरच्या चांगल्या एलईडीतून एका वॅटला साधारण १०० लुमेन मिळाले तर खूप झालं. म्हणजे ४० वॅटची जोडी ४,००० लुमेनच्या आसपास. जो बॉक्स ४० वॅटमध्ये २०,००० म्हणतोय तो खोटं बोलतोय, आणि जो हे खोटं बोलतो तो पाणी न जाण्याबद्दलही खरं बोलत असेल कशावरून?

पाण्यावरून आठवलं. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी चालेल. पण वॉशिंग सेंटरवरच्या प्रेशरच्या पाण्याची परीक्षा त्यात नसते. लाइटवर पाइपचं नोझल जवळून मारू देऊ नका.

पिवळा की पांढरा? धुक्यात पिवळा लाइट ‘आरपार जातो’ असं सर्रास सांगतात. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात. पिवळ्याचा फायदा असा की तो डोळ्यांना कमी त्रास देतो. धुक्यात खरा फरक पडतो तो लाइट खाली असण्याने आणि त्याचा उजेड वर न उधळता आडवा पसरण्याने. आंबोलीला धुक्यात हायबीम लावून बघा, समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून फॉगसाठी लाइट लेग गार्डवर, हेडलाइटच्या खाली. हँडलवर किंवा आरशाखाली नाही.

आता लाइट कुठे बघतो ते. जमिनीपासून ६० सेंमीवर लाइट लावला असं धरू. सपाट जागी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. भिंतीवर ६० सेंमीवर खडूने आडवी रेघ मारा. उजेडाचा मध्य त्या रेघेच्या ७-८ सेंमी खाली पडला पाहिजे. हा उतार दीड टक्क्याचा झाला, म्हणजे उजेडाचा मध्य साधारण ४० मीटरवर रस्त्याला टेकेल.

हे गाडीवर बसून करायचं. आणि टूरला निघताना सामान लावून परत करायचं, कारण मागे पॅनिअर आणि पिलियन बसले की मागचा सस्पेन्शन दबतो आणि गाडीचं नाक वर होतं. दोन चाकांमधलं अंतर साधारण १४५ सेंमी असतं. मागची बाजू फक्त ३ सेंमी जास्त दबली तरी उजेड दोन टक्के वर उचलला जातो. तुम्ही मोजून-मापून दिलेला दीड टक्का गेला आणि आता तुमचा लाइट थेट समोरच्याच्या डोळ्यांत. तुम्हाला वाटतं आज मस्त लांबवर दिसतंय. समोरून दूध घालायला निघालेला माणूस मात्र दोन सेकंद आंधळा झालेला असतो, आणि ६० च्या वेगाने दोन सेकंदांत ३३ मीटर रस्ता जातो. अरुंद घाटात त्याला ना कठडा दिसतो ना तुम्ही.

हेडलाइटच्याच हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब घालावा का? मी घालत नाही. हेडलाइटचा आरसा हॅलोजनच्या बारीक तारेच्या जागेप्रमाणे बनवलेला असतो. एलईडीच्या चिपा त्याच जागी तशाच बसत नाहीत, मग उजेड वर आणि बाजूला सांडतो. बल्ब जास्त पांढरा दिसतो, रस्ता मात्र तितका दिसत नाही.

लुकलुकणारे स्ट्रोब, निळे-लाल लाइट यांच्याबद्दल एवढंच: नको.

इंडिकेटर एलईडी केले की ते घाईत असल्यासारखे भराभर लुकलुकतात. १० वॅटच्या बल्बच्या जागी एक-दोन वॅट आल्यावर जुन्या फ्लॅशरला वाटतं बल्ब उडालाय. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घाला. रेझिस्टर लावायचा उपायही आहे, पण तो हात भाजेल इतका तापतो, वाचवलेली वीज त्यातच जाते.

गाणी आणि नेव्हिगेशन

हँडलवरच्या स्पीकरच्या बॉक्सवर ‘५०० वॅट’ लिहिलेलं असतं. त्याच्या वायरवर फ्यूज कितीचा दिलाय ते बघा. पाच अँपिअरचा असेल तर गणित सरळ आहे: १२ गुणिले ५, जास्तीत जास्त ६० वॅट. पाचशे वॅटला ४० अँपिअरच्या पुढे लागले असते, तेवढे तुमच्या अख्ख्या बाइकमध्ये नाहीत. आकडा बॉक्सवर नाही, फ्यूजवर वाचायचा, ही युक्ती कार ऑडिओलाही चालते.

दुसरी अडचण वाऱ्याची. ताशी ८०-१०० च्या वेगाला हेल्मेटमध्ये नुसत्या वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या आसपास किंवा पुढे जातो. स्पीकर त्याच्यावर ऐकू यायचा तर तो त्याहून मोठा हवा, आणि मग तोच स्पीकर गावातून जाताना सगळ्या वाडीला ऐकू जातो. हायवेला तुम्हाला ऐकू येत नाही आणि गावात सगळ्यांना येतं. म्हणून माझं मत सरळ आहे: टूरिंगला हेल्मेटमधला ब्लूटूथ इंटरकॉम. त्याची स्वतःची बॅटरी असते, बाइकला एकही वायर लागत नाही, पिलियनशी बोलता येतं. आवाज नेव्हिगेशन कळेल इतकाच ठेवा. वाऱ्यावर मात करायला आवाज वाढवत नेलात तर संध्याकाळी हेल्मेट काढल्यावर कानात शिट्टी वाजत राहते, ती धोक्याची खूण आहे.

तरी स्पीकर लावलाच आणि रेसबरोबर चढणारी-उतरणारी कुंई-कुंई ऐकू आली, तर फोनचा चार्जर काढून बघा. आवाज गेला तर फोनला दोन वाटांनी अर्थिंग मिळतंय, एक चार्जरमधून, एक ऑक्स केबलमधून. अँप्लिफायर आणि चार्जरची निगेटिव्ह एकाच जागी आणा, किंवा ऑक्स केबल काढून ब्लूटूथ वापरा.

फोनचं काय

फोन हँडलवर लावताना चार्जरपेक्षा थरथर जास्त महत्त्वाची. ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं की मोटरसायकलच्या जोरदार थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यातली ओआयएस आणि ऑटोफोकसची यंत्रणा बिघडू शकते. ज्या-ज्या अँड्रॉइड फोनमध्ये ओआयएस आहे त्यांच्यातही लेन्स अशीच तरंगती असते. म्हणून डॅम्पर असलेला माउंट घ्या. एकच सिलिंडर असलेल्या बाइकला तर नक्कीच.

चार्जर १८ वॅटचा यूएसबी पुरतो, गाडीकडून साधारण दीड अँपिअर घेतो. मे महिन्याच्या उन्हात स्क्रीन फुल ब्राइटनेसवर, जीपीएस चालू आणि वर वायरलेस चार्जिंग, मग फोन तापून चार्जिंग थांबवतो. वायरनेच चार्ज करा.

चार्जर, जीपीएस ट्रॅकर, अलार्म यांपैकी काय किल्ली काढल्यावरही वीज खातंय ते बघा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मध्ये मल्टिमीटर अँपिअरवर लावा. किल्ली मात्र फिरवू नका, नाहीतर मीटरचाच फ्यूज जाईल. ५० मिलिअँपिअर दिसले तर ८ एएचची बॅटरी कागदावर १६० तासांत, म्हणजे सात दिवसांत पूर्ण रिकामी. गाडी सुरू व्हायला अडचण त्याच्या बरीच आधी, तीन-चार दिवसांतच येते. गणपतीला गावी गेलात आणि गाडी पार्किंगमध्ये राहिली तर परत आल्यावर धक्का मारायचा.

आरटीओ, इन्शुरन्स आणि वॉरंटी

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम १८२अ मध्ये आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १११ व्या नियमाने पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला आरटीओच्या पूर्वपरवानगीशिवाय बंदी आहे. पुढे लाल आणि मागे लाल सोडून दुसरा उजेड दाखवता येत नाही. वेगवेगळ्या सुरांत वाजणारा हॉर्न तर नकोच, आणि विनाकारण हॉर्न वाजवायलाही पहिल्यांदा १,००० आणि पुढे २,००० दंड आहे.

म्हणून सगळ्यात सुरक्षित रस्ता म्हणजे तुमच्या मॉडेलसाठी कंपनीच जे अधिकृत लाइट विकते ते घेणं. महाग असतात, पण कनेक्टर तयार असतो आणि वॉरंटीचा वाद होत नाही. बाहेरचे घेतलेत तर मूळ हार्नेस कापू नका. सर्व्हिस सेंटरवाला कापलेली वायर बघतो आणि पुढे कुठलीही इलेक्ट्रिकल तक्रार त्याच वायरच्या माथी मारतो. इन्शुरन्स रिन्यू करताना इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज जाहीर करा. थोडा प्रीमियम वाढतो, पण लपवलेल्या फिटिंगवरून क्लेम अडण्यापेक्षा परवडतो.

पहिले २०० किलोमीटर

काम झाल्यावर लगेच लडाखला निघू नका. फ्यूज न घालता सगळं जोडा, मल्टिमीटरने लाइटच्या लाइनचं पॉझिटिव्ह चॅसिसला कुठे टेकत नाही ना ते तपासा, मगच फ्यूज घाला. लाइट अर्धा तास चालू ठेवून वायर, रिले आणि प्रत्येक जोडाला हात लावा. कोमट चालेल, गरम नको. गरम जोड म्हणजे सैल जोड.

मग एक दिवसाची राइड करा. पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात जाऊन या, म्हणजे खड्डे, घाट, दमट हवा सगळं मिळतं. परत आल्यावर लाइटचे बोल्ट, बॅटरीचे टर्मिनल आणि हँडलच्या मानेजवळची वायर पुन्हा बघा. सीटखाली टूलकिटमध्ये ५, १० आणि १५ चे दोन-दोन फ्यूज, एक जास्तीचा रिले, मीटरभर वायर आणि काही झिप टाय टाकून ठेवा. आणि कुठला फ्यूज कशाचा आहे हे बॉक्सच्या झाकणावर मार्करने लिहून त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, कारण पावसात भिजलेला मार्कर वाचता येत नाही.